वर्गातला फळा मोबाइलपर्यंत: व्हिडिओ कोणत्या वाटेने पाठवावा?

कोकणातील एका तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा: "गेल्या वर्षी मी संपूर्ण अभ्यासक्रमाची ३८ व्याख्याने वर्गातच मोबाइलवर चित्रित करून ठेवली. प्रत्येक व्याख्यान साधारण ४५ मिनिटांचे आहे. माझ्या ११० विद्यार्थ्यांपैकी बरेच जण दूरच्या वाड्यांवरून येतात, काही जण दुपारनंतर दुकानांत काम करतात, काहींच्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे आणि पावसाळ्यात वीज व रेंज दोन्ही जातात. बहुतेकांचे रिचार्ज दिवसाला दीड जीबीचे असते. महाविद्यालयाचे मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचे संकेतस्थळ आहे, पण ते स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर चालते आणि तिथे एकूण जागा २० जीबी आहे. संगणक विभागातील सहकारी म्हणतात, व्हिडिओ मूडलवरच चढवा. प्राचार्य म्हणतात, यूट्यूब फुकट आहे. एका कंपनीचा प्रतिनिधी 'सुरक्षित व्हिडिओ' सेवेचे वार्षिक दरपत्रक देऊन गेला आहे. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, व्हॉट्सॲपवर टाका. मला धास्ती एवढीच आहे, की शेजारच्या क्लासवाल्यांनी माझी व्याख्याने उचलू नयेत. नेमके काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चारही सल्लागारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण प्रत्येक जण आपापल्या सोयीच्या टोकाकडून बोलत आहे. म्हणून माझा निर्णय आधी सांगते आणि कारणे नंतर देते. मूडलवर प्रत्येक पाठाचे एक स्वतंत्र पान करावे. त्या पानावर यूट्यूबवरचा 'अनलिस्टेड' (ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसणारा) व्हिडिओ दाखवावा, त्याच्या लगेच खाली तोच पाठ पंचवीसेक एमबीच्या लहान फाइलच्या रूपात उतरवून घेण्यासाठी ठेवावा आणि सोडवलेल्या उदाहरणाचा कागद पीडीएफ करून जोडावा. दरपत्रक तूर्त खणात ठेवून द्यावे.

व्हिडिओ कुठे साठवायचा आणि विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचवायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कार्यालयात झालेल्या चर्चेत त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. साठवणुकीचा प्रश्न पैशाने सुटतो. पोहोचवण्याचा प्रश्न मात्र विद्यार्थ्याचा फोन, त्याचे रिचार्ज आणि तो अभ्यासाला बसतो ती वेळ यांवर अवलंबून असल्यामुळे त्याचा विचार तिकडूनच सुरू करावा लागतो.

आधी थोडा हिशेब मांडू. तुमचा विषयच तो असल्यामुळे तुम्हाला तो जड जाणार नाही. फोनवर १०८० या दर्जाने चित्रीकरण केले, की सर्वसाधारण अँड्रॉइड फोन सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट माहिती नोंदवतो. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर मिनिटाला सुमारे १२७ एमबी आणि ४५ मिनिटांना ५.७ जीबी होतात. म्हणजे तुमचे एक व्याख्यान जसेच्या तसे पाहायला दीड जीबीवाल्या विद्यार्थ्याचे जवळजवळ चार दिवसांचे नेट खर्ची पडेल, आणि ३८ व्याख्याने मिळून होणारे सव्वादोनशे जीबीच्या घरातले ओझे तुमच्या २० जीबीच्या जागेत मावण्याचा प्रश्नच येत नाही. आता दुसरी बाजू पाहा. फळा जागचा हलत नाही, शिक्षक थोडा हलतो, पार्श्वभूमी बदलत नाही. असे चित्र दाबून लहान करण्यासाठी अगदी सोयीचे असते. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला ३५० किलोबिटपर्यंत खाली आणले, तर मिनिटाला २.६ एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांचा पाठ २६ एमबीचा होतो आणि सगळा अभ्यासक्रम साडेचार जीबीत बसतो. सेवा कोणती घ्यावी, यावर एवढी चर्चा झाली, पण मूळ फाइल दोन टक्क्यांवर आणता येते हे तुम्हाला कोणीच सांगितलेले दिसत नाही.

हे काम फुकटात होते. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. फाइलचा प्रकार एमपी४ ठेवा, व्हिडिओसाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निवडा, उंची ४८० करा, फ्रेमचा दर सेकंदाला १५ पुरतो, आवाज मोनो आणि ६४ किलोबिट ठेवा, आणि व्हिडिओचा सरासरी बिटरेट २८५ किलोबिटच्या आसपास ठेवा, म्हणजे दोन्ही मिळून ३५० होतात. यापेक्षा नवी आणि काटकसरी कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या पद्धती, आहेत, पण घरातल्या जुन्या फोनवरसुद्धा हमखास चालणारा प्रकार एच.२६४ हाच आहे. तुमचे चित्रीकरण आयफोनवर झाले असेल, तर हे रूपांतर टाळताच येणार नाही, कारण २०१७ पासूनचे बहुतेक आयफोन मुळात एच.२६५ या नव्या कोडेकमध्ये नोंद करतात आणि अशी फाइल थेट मूडलवर ठेवली, तर काही ब्राउझरांत नुसता आवाज येतो किंवा पडदा काळा राहतो.

हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' असा एक चौकोन असतो. त्यावर खूण करायला विसरू नका. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची असते आणि चित्रीकरण संपल्यावर ती सहसा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. सूची शेवटी असली, की ती हाती लागेपर्यंत ब्राउझरला काहीच दाखवता येत नाही आणि मंद नेटवर विद्यार्थी गोल फिरणाऱ्या खुणेकडे पाहत बसतो. त्या चौकोनावरची खूण ही सूची फाइलच्या आरंभी आणते आणि पहिले काही सेकंद उतरताच पाठ सुरू होतो. 'मूडलवर व्हिडिओ चालतच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

आता सहकाऱ्यांच्या सूचनेविषयी. मूडल हे हजेरी, पाने, चाचण्या आणि गुण सांभाळण्यासाठी आहे. लांबलचक व्हिडिओ शेकडो जणांना एकाच वेळी दाखवण्यासाठी ते घडवलेले नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या ११० पैकी ६० जणांनी एकदम घसाऱ्याचा पाठ उघडला आणि प्रत्येकाला सेकंदाला एक मेगाबिट लागले, तरी सर्व्हरला सलग ६० मेगाबिट पुरवावे लागतील. सामायिक होस्टिंगवर तीच यंत्रणा इतर कितीतरी संकेतस्थळे चालवत असते, त्यामुळे व्हिडिओ तर अडकेलच, शिवाय मूडलची चाचणीही उघडायची थांबेल. त्याखेरीज पूर्ण अभ्यासक्रमाची जी एकत्र प्रत मूडल काढते, तिच्यात या सगळ्या फाइली येतात आणि ती प्रत इतकी फुगते की पुढच्या वर्षी ती परत चढवणे अशक्य होऊन बसते. चढवण्याच्या मर्यादा वेगळ्याच. मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालते, तिची मूळ मर्यादा तर अवघी २ एमबी असते, ती होस्टिंगवाल्याकडून वाढवून घ्यावी लागते.

याहून मोठा फरक पोहोचवण्याच्या पद्धतीत आहे. मूडलवर ठेवलेली फाइल एकाच दर्जाची असते. रेंज चांगली असो वा वाईट, तेवढेच ओझे प्रत्येकाला ओढावे लागते. यूट्यूबसारख्या सेवा तुमच्या एका फाइलपासून अनेक दर्जांच्या प्रती तयार करतात, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे करतात, आणि विद्यार्थ्याचा फोन नेटचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतून घ्यायचा ते दर वेळी ठरवतो. रेंज पडली की चित्र अंधूक होते, पण शिकवणे थांबत नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रमाणित झालेली डॅश या अशा कामाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ही व्यवस्था स्वतःच्या सर्व्हरवर उभी करता येते, परंतु एका कनिष्ठ महाविद्यालयाने त्या भानगडीत पडावे असे मला मुळीच वाटत नाही.

म्हणून चालू व्हिडिओसाठी यूट्यूब. प्राचार्यांचे म्हणणे खरे आहे, मात्र फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे, आणि अटी माहीत करून घेऊनच आत शिरावे. 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ शोधात सापडत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला तो पाहता येतो. त्यात कुलूप नाही, केवळ आडोसा आहे. तुम्ही जाहिरातीतून पैसे मिळवत नसलात तरी जाहिरात दाखवण्याचा अधिकार यूट्यूबने २०२० च्या अखेरीस आपल्या अटींत घालून घेतला आहे, त्यामुळे तेरीज पत्रकाच्या (ट्रायल बॅलन्सच्या) मधोमध कर्जाची जाहिरात येणारच नाही अशी हमी देता येत नाही. पाठ संपल्यावर खाली सुचवले जाणारे व्हिडिओ पूर्णपणे बंद करण्याची सोयही २०१८ पासून राहिलेली नाही. फार तर ते तुमच्याच वाहिनीपुरते मर्यादित ठेवता येतात. यूट्यूब आपले नियम मागील तारखेपासूनही बदलते: जुलै २०२१ मध्ये त्यांनी २०१७ पूर्वी चढवलेले 'अनलिस्टेड' व्हिडिओ सरसकट 'खासगी' केले होते, आणि ज्यांनी वेळेत नकार कळवला नाही त्यांचे जुने दुवे एका दिवसात निकामी झाले.

एक व्यावहारिक अडचण तर तुमच्या विषयात नक्कीच येणार आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. कडेचा भाग कापता येतो, पण घसाऱ्याचा दर फळ्यावर १० ऐवजी १५ लिहिला गेला असेल, तर दुरुस्त व्हिडिओ नवा चढवावा लागतो आणि त्याचा दुवाही नवा मिळतो. तुम्ही जुना दुवा व्हॉट्सॲपच्या गटावर, सूचनाफलकावर आणि छापील टिपणात दिलेला असेल, तर तो चुकीचा पाठ वर्षानुवर्षे फिरत राहील. याचसाठी मी मूडलच्या पानाचा आग्रह धरते. विद्यार्थ्यांना फक्त त्या पानाचा पत्ता द्यावा; पानावर आज यूट्यूबचा व्हिडिओ असेल, उद्या दुसऱ्या सेवेचा असेल, त्यांना त्याचे सोयरसुतक नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील दीक्षा या सरकारी शैक्षणिक व्यासपीठाचा क्यूआर कोड नेमका असाच काम करतो. पुस्तकात छापलेली खूण तीच राहते आणि तिच्या मागचे साहित्य बदलता येते.

यूट्यूबची वाहिनी स्वतःच्या नावाच्या ईमेलवर काढू नका. ती महाविद्यालयाच्या खात्यावर असावी आणि निदान दोघांना तिचे व्यवस्थापन करता यावे. शिक्षकांच्या बदल्या होतात, निवृत्ती येते, संकेतशब्द हरवतात, आणि मग सगळा अभ्यासक्रम कोणाच्या तरी जुन्या फोन क्रमांकाच्या ओटीपीपाशी अडकून पडतो. खाते पडताळून घ्या, कारण पडताळणी न केलेल्या खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही.

गूगल ड्राइव्हविषयी तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी तो पर्याय सुचवेलच. ड्राइव्ह साठवणुकीसाठी चांगला आहे. वर्गभर दाखवण्यासाठी नाही. एकच फाइल थोड्या वेळात पुष्कळ जणांनी उघडली की तो मर्यादा संपल्याचा संदेश देऊन मोकळा होतो. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागाही आता इतिहासजमा झाली असून २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मर्यादा आहे. मूळ चित्रीकरण ठेवण्यापुरता त्याचा उपयोग करा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या भागाने मला सर्वाधिक विचार करायला लावले, त्याकडे येते. वाडीवर रेंजच नसेल, तर अतिशय हुशार स्ट्रीमिंगसुद्धा कुचकामी आहे. तो विद्यार्थी महाविद्यालयात किंवा बाजारपेठेत असताना फाइल उतरवून घेईल आणि रात्री घरी, घरातला फोन मोकळा झाला की पाहील. त्याच्यासाठी खरा व्हिडिओ म्हणजे ती २६ एमबीची फाइल होय. यूट्यूब ही इतरांची सोय. म्हणूनच ती फाइल पानाच्या तळाशी 'पूरक साहित्य' म्हणून लपवू नका, व्हिडिओच्या लगत ठेवा आणि तिच्या नावापुढे आकडा लिहा: 'घसारा, भाग २, २६ एमबी'. मर्यादित रिचार्जवर जगणारा विद्यार्थी आकडा पाहून ठरवतो. आकडा नसेल तर भीतीने उघडतच नाही. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये अशी फाइल उतरवून पुढे नेटविना पाहता येते, हा या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. पानात बसवलेला यूट्यूबचा व्हिडिओ मात्र तसा उतरत नाही. ॲपच्या मोफत योजनेला काही मर्यादा आहेत, त्या तुमच्या सहकाऱ्यांना तपासायला सांगा. एका फाइलीमागे ११० जणांचे मिळून २.९ जीबी आणि सगळ्या वर्षाचे सुमारे ५०० जीबी होतात. होस्टिंगच्या मासिक मर्यादेत हे बसते का, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. हा वापर दिवसभरात विखुरलेला असल्यामुळे सर्व्हरवर एकदम ताण येत नाही.

विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपचा आग्रह त्यामुळे अगदीच चुकीचा नाही. मात्र तिथे व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप स्वतःच्या हिशेबाने पुन्हा दाबते आणि फळ्यावरचे आकडे विरघळून जातात. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. तरीही मुख्य जागा म्हणून गटावर विसंबू नका. चार दिवसांनी शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात पाठ सापडत नाही, फोनची जागा भरली की पहिली गदा त्याच्यावर येते आणि कोणी काय पाहिले याचा पत्ता लागत नाही. ज्यांच्याकडे तेही जमत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयातील एका संगणकावर सगळे पाठ ठेवून पेनड्राइव्हमधून न्यायची मुभा द्या. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

फाइल दाबताना आकड्यांची वाचनीयता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागेल. ३६० दर्जाच्या चित्राची उंची ३६० ठिपक्यांची असते. फळ्याने पूर्ण चौकट भरली आणि त्यावर बारा ओळी असल्या, तर एका ओळीला ३० ठिपके येतात आणि आकडा स्वतः त्याच्या निम्म्यात बसतो; एवढ्यात ३ आणि ८ वेगळे ओळखू येतात. पण फोन शेवटच्या बाकावर ठेवल्यामुळे पंखा, खिडकी, पुढच्या मुलांची डोकी आणि मध्ये फळा असे दृश्य असेल, तर आकड्याला सात-आठ ठिपकेच मिळतात, आणि मग रकमेच्या स्तंभात ३,८०० आहेत की ८,३०० हे विद्यार्थ्याने अंदाजाने ठरवायचे. लेखाकर्मात असा अंदाज म्हणजे न जुळणारी तेरीज. मी ४८० सुचवले ते याच कारणाने, आणि तरीही जी व्याख्याने वाचता येणार नाहीत, ती दाबत बसण्यापेक्षा नव्याने करणे शहाणपणाचे ठरेल. टेबलावर आखलेला कागद, त्यावर काळा जाड पेन आणि वरून स्टँडला लावलेला फोन एवढ्यावर किर्द, खतावणी आणि ताळेबंद फळ्यापेक्षा स्वच्छ दिसतात. शिक्षकाचा चेहरा दिसलाच पाहिजे असे काही नाही. पहिल्या मिनिटात दिसला तर ओळख राहते, एवढे पुरे.

आवाजाचे महत्त्व चित्राहून अधिक आहे. चित्र अंधूक झाले तर पीडीएफ हाताशी असते, पण वर्गातल्या पंख्याच्या घरघरीत आणि पत्र्यावरच्या पावसात बोलणे हरवले तर काहीच उरत नाही. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक दरपत्रकातल्या कोणत्याही सेवेपेक्षा अधिक फरक पाडेल.

व्हिडिओची लांबी हा तुम्ही न विचारलेला, पण पोहोचवण्याशी थेट निगडित प्रश्न आहे. ४५ मिनिटे हे तासिकेचे माप आहे आणि ते वेळापत्रकाने ठरवले आहे, विषयाने नव्हे. एडएक्स या व्यासपीठावरील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे आढळले. ते स्वेच्छेने शिकणारे लोक होते आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर बोर्डाची परीक्षा आहे, त्यामुळे सहा मिनिटांचा आकडा प्रमाण मानण्याची गरज नाही. एक उदाहरण पूर्ण सुटायला बारा मिनिटे लागत असतील तर बारा मिनिटे द्यावीत. ते मध्येच तोडणे अधिक वाईट. आपल्याकडे पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प जवळजवळ दहा मिनिटांचे पाठ करतो, त्यांची संहिता आधी लिहितो, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करून घेतो आणि शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जावे अशी त्याची रचना ठेवतो. तुमच्या विषयाला ही रीत चपखल लागू पडते: विद्यार्थ्याने वही उघडून, व्हिडिओ थांबवत थांबवत, उदाहरण स्वतः सोडवायचे. त्यासाठी व्याख्यान हजेरी, सूचना आणि पुनरावृत्ती वगळून एकेका उदाहरणागणिक कापा. कापणे अगदीच शक्य नसेल, तर यूट्यूबच्या वर्णनात ००:०० पासून सुरू होणाऱ्या वेळा ओळीने लिहा. निदान तीन वेळा दिल्या की तिथे प्रकरणे तयार होतात. पण ही सोय उतरवून घेतलेल्या फाइलीत नसते, म्हणून कापणेच बरे.

कापताना आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. चित्रीकरण वर्गात झाले असल्यामुळे त्यात मुलांचे चेहरे, हजेरीतली नावे, कोणाला तरी चुकीच्या उत्तरावरून मारलेला शेरा असे बरेच काही असेल. बारावीतले बहुतेक विद्यार्थी अठराच्या आतले आहेत आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ते भाग काढून टाका. कायदा नसता तरीही मी हेच सांगितले असते.

राहिली चोरीची धास्ती, आणि तिच्याबरोबर ते दरपत्रक. 'सुरक्षित' सेवा काय करतात ते समजून घ्या. व्हिडिओ फक्त तुमच्याच संकेतस्थळावर चालेल अशी अट त्या घालू शकतात, दुव्याची मुदत संपवू शकतात, फाइल कूटबद्ध करू शकतात, पडद्यावर विद्यार्थ्याचे नाव किंवा क्रमांक फिरता ठेवू शकतात. हे सगळे खरे आहे. पण पडद्यासमोर दुसरा फोन धरून चित्रीकरण करणाऱ्याला यातले काहीच अडवू शकत नाही. शिवाय कुलूप जितके पक्के, तितका जुन्या फोनवर, सामायिक फोनवर आणि नेटविना पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्रास अधिक. ज्यांच्याकडून तुम्ही व्हिडिओचे पैसे घेत नाही, त्यांच्यावर हे बंधन कशासाठी? क्लासवाल्यांना पुस्तपालन शिकवता येते. त्यांना तुमच्या फळ्याची गरज नाही, आणि कोणी व्हिडिओ उचललाच तर तो काढून टाकायला लावण्याची रीतसर तक्रार यूट्यूबवर करता येते. प्रत्येक पाठाच्या कोपऱ्यात महाविद्यालयाचे नाव आणि वर्ष बारीक अक्षरांत कायम राहू द्या, एवढा बंदोबस्त माझ्या मते पुरेसा आहे. पुढे कधी शुल्क घेऊन अभ्यासक्रम चालवायचा ठरले, तर गणित बदलेल. तेव्हा त्या प्रतिनिधीला बोलवा आणि विचारा, की दर साठवलेल्या मिनिटांवर आहे की पाहिलेल्या मिनिटांवर, त्याच पत्त्यावर फाइल बदलता येते का, ॲपशिवाय साध्या ब्राउझरवर चालते का, आणि करार संपल्यावर आमच्या फाइली आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या.

मला चोरीपेक्षा गहाळ होण्याची काळजी अधिक वाटते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशला आधार देणे बंद केले आणि त्यावर बेतलेले कितीतरी शैक्षणिक साहित्य उघडेनासे झाले. ज्यांच्याकडे मूळ चित्रे आणि ध्वनी शिल्लक होते त्यांनीच ते पुन्हा उभे केले. तुमचे मूळ चित्रीकरण दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक महाविद्यालयाबाहेर असू द्या आणि फाइलींना 'व्हिडिओ_२०२३०७१४' अशा फोनने दिलेल्या नावांऐवजी प्रकरण व उदाहरणाचा क्रमांक द्या. यूट्यूब हे तुमचे कपाट आहे असे समजून घरची प्रत पुसू नका.

उपशीर्षकांबद्दल थोडक्यात सांगते. यंत्राने केलेली उपशीर्षके 'तेरीज' आणि 'खतावणी' या शब्दांची काय वाट लावतील ते सांगता येत नाही, म्हणून ती तपासल्याशिवाय लावू नका. मुख्य उदाहरणांची उपशीर्षके दोन-तीन उत्साही विद्यार्थ्यांकडून लिहून घेता येतील. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला ती लागतातच, आणि दुकानात आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही.

सगळी ३८ व्याख्याने एकदम हाती घेऊ नका. एकच प्रकरण घेऊन त्याचे चार-पाच भाग कापा, वर सांगितल्याप्रमाणे एक पान तयार करा आणि सर्वांत जुना फोन व सर्वांत वाईट रेंज असलेल्या पाच विद्यार्थ्यांना ते आठवडाभर वापरायला द्या. व्हिडिओ आवडला का, असे त्यांना विचारू नका. त्याला सगळे 'हो मॅडम' म्हणतात. कोणत्या ओळीतला कोणता आकडा वाचता आला नाही, फाइल कुठे बसून उतरवली आणि ती किती वेळ लागून उतरली, हे विचारा. त्यांची उत्तरे आली की हँडब्रेकमधले ४८० आणि ३५० हे आकडे त्यानुसार वरखाली करा आणि मगच उरलेली प्रकरणे कापायला घ्या.